दुपारचा सिनेमा, आत्याचा डबा

मुलुंडच्या थिएटरात इंटरव्हल झाला. पॉपकॉर्नच्या रांगेत उभं राहून मोबाइल पाहिला, तर काकांचे, म्हणजे आत्याच्या नवऱ्याचे, मिस्ड कॉल एकाखाली एक. परत फोन लावला. काका म्हणाले, "अरे, आत्या गेली तुझी. मी भाजी घेऊन आलो, तर खुर्चीतच... टीव्ही चालू होता." आत्या गेली हे डोक्यात शिरायच्या आधी टीव्हीचंच वाक्य शिरलं. असल्या वेळी हा माणूस मला टीव्हीचं का सांगतोय? ते कळायला बरेच दिवस गेले, आणि कळलं तेव्हा माझा गोंधळ होता त्याहून वाढला.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. राहायला नाहूरला. बाबा गेले तेव्हा माझा प्रबंध अर्ध्यावर होता. विषय ठाण्याच्या खाडीतला गाळ, त्यामुळे आत्या शेजारीपाजारी सांगायची, "माझो भाचो चिखलाचो डॉक्टर होतलो." बाबांचे शेवटचे तास मी त्यांच्या उशाशी बसून पाहिले. दिवसकार्य उरकलं आणि मी लॅबमध्ये परत गेलो, कारण गाळाचे नमुने थांबायला तयार नव्हते. रडलो नाही. लोकांना वाटलं मुलगा खंबीर आहे, आणि मलाही तेच बरं वाटलं. मग या वर्षी एकदाचा प्रबंध सादर झाला आणि माझी वाट लागली. सकाळी उठून करायचं काय? वाचायला घेतलं की अक्षरं नुसती दिसायची. आई ऑफिसला गेली की घर खायला उठायचं. तेव्हा आत्याचा फोन आला, "घरात बसान काय करतंस? जेवक ये."

जेवायला म्हणून गेलो आणि रोज जायला लागलो. जेवण झालं की आत्या तिच्या वेताच्या खुर्चीत बसायची, मी खाली चटईवर, आणि टीव्हीवर सिनेमा. प्रबंधाच्या वर्षांत मी जे काही पाहायचं सोडून दिलं होतं, ते सगळं त्या दुपारांत वसूल केलं. पोलिसांचे, भुतांचे, दक्षिणेतले हिंदीत आणलेले, एक तर सबंध बोटीवर घडणारा. निवड आत्याची. मी निघताना ती दारात सांगायची, "उद्या तो बोटीचो बघूया." मला काय, कुठलाही चालत होता. आत्या सिनेमाभर बडबडायची, नायिकेच्या साडीला नावं ठेवायची, खलनायकाला तोंडावर शिव्या द्यायची. तिच्यासोबत सिनेमा पाहणं हा एक वेगळाच त्रास होता आणि मला तो भयंकर आवडायचा.

फक्त एक गोष्ट डोक्यात जायची. सिनेमा ऐन रंगात आला की ती उठून स्वयंपाकघरात जायची आणि तिथून हाक मारायची, "अरे, ह्यो डबो उघडना नाय. जरा हयसर ये बघू." तो चकलीचा स्टीलचा डबा. मी चरफडत उठायचो. झाकण नुसतं बोट लावलं की निघायचं. "आत्या, हा तर उघडाच आहे!" ती म्हणायची, "माझ्या हातात जोर नाय रे आता." मग चकली खा, पाणी पी, दूध उतू जातंय का बघ. बाहेर येईपर्यंत कुणीतरी मेलेलं असायचं, फोटोला हार चढलेला असायचा. आत्या खुर्चीत बसता बसता सांगायची, "गेलो तो. आता फुडचा बघ." मी मनातल्या मनात चिडायचो. म्हातारपण आलं, असं समजून गप्प बसायचो.

ती गेल्यानंतर एकदा सहज काकांकडे हे बोललो. म्हटलं, नेमकी मरणाच्या वेळीच कशी हिला चकली आठवायची? काका म्हणाले, "तुला ठाऊक नाही? ती सकाळी तोच सिनेमा बघून ठेवायची. कुठे काय येतं ते माहीत नको? म्हणायची, पोराने एक मरण जवळून बघितलंय, आता एवढ्यात दुसरं नको." त्या दिवशी मी थिएटरला गेलो होतो, म्हणून ती दुसऱ्या दिवशीचा सिनेमा आदल्या दुपारीच बघत बसली होती. म्हणून टीव्ही चालू होता.

तेव्हापासून मी नुसता घोळ घालतोय. कधी वाटतं, इतकं मला कोणी जपलं नाही. कधी सरळ राग येतो. कोणी सांगितलं होतं हिला? त्या अंधाऱ्या फ्लॅटमध्ये एखाद्या खोट्या मरणावर मी मोकळेपणी रडलो असतो, तर बरं झालं नसतं का? तिने मला वाचवलं की अडवलं? आणि सगळ्यांत जास्त हे छळतं, की बाबा तिचे भाऊ होते. सख्खे. मग सकाळी एकटी बसून ती ते सगळं बघत होती, तेव्हा तिला स्वयंपाकघरातून हाक कोण मारत होतं? काकांना विचारलं तर म्हणाले, "रडायची ती. मग डोळे पुसून भाकऱ्या टाकायची." मी त्याच भाकऱ्या खात होतो.

गेल्या आठवड्यात नाहूरला जाऊन मी तो राहिलेला सिनेमा लावला, ती शेवटी बघत होती तो. काका मागे पलंगावर बसले, वेताची खुर्ची रिकामी. आता कोण मरतं याची मी वाट बघत होतो. म्हातारा खोकला, वाटलं हा जाणार. पोरगी स्कूटर जोरात चालवायला लागली, वाटलं ही गेली. हाक मारायला कोणी नाही, आता जे येईल ते बघायचं. पण सिनेमा संपला... आणि त्यात कुणी मेलंच नाही. सगळी मंडळी एका गच्चीवर बसून पापड वाळत घालत होती. आत्या इथपर्यंत पोचली होती का, की मध्येच कुठेतरी गेली, कोणास ठाऊक. कोणी मरत नाही हे तिला कळलं होतं का?

मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि तिथे मला रडू फुटलं, बाबांचं की आत्याचं ते सांगता येणार नाही. खूप वेळ रडलो. डबा फळीवर होता, तळाशी दोन-तीन मऊ पडलेल्या चकल्या. दारातून बाहेर पाहिलं, तर काका टीव्हीकडे न बघता त्या खुर्चीकडे बघत बसले होते, हात मांडीवर.

"काका," मी हाक मारली, "हा डबा उघडत नाहीये. जरा इकडे येता?"

झाकण तेव्हा माझ्या हातातच होतं. काका उठले.