लाल शाईचा शेरा

यमुनाकाकू गेल्याचं त्यांच्या सुनेने फोनवर सांगितलं, तेव्हा मला रडू आलं नाही, राग आला. महिना होत आला, तो तसाच आहे... आणि मला तो घालवायचाही नाही.

काकू शेजारच्या बोनकोडे गावच्या. साठी उलटल्यावर त्या आमच्या सेक्टरच्या समाजमंदिरात, माझ्या प्रौढ साक्षरता वर्गाला येऊ लागल्या. मी साताऱ्याकडची निवृत्त शिक्षिका. नवऱ्याच्या आजारपणात काकूंच्या हातून औषधांच्या दोन बाटल्यांची अदलाबदल झाली होती, ते त्यांना आयुष्यभर सलत राहिलं. "बाय, मना बाटलीवरचा नाव वाचता आला पायजे," एवढंच त्यांचं मागणं. त्या वाचू लागल्या आणि समोरच्या विभाग कार्यालयातल्या साहेबांनी आमचा प्रभाग 'पूर्ण साक्षर' जाहीर करून टाकला. स्टेजवर काकूंना शाल, नारळ, फोटो; दुसऱ्या दिवशी वर्गाला कुलूप. काकूंची जोडाक्षरं अजून व्हायची होती. औषधांची नावं तर सगळी जोडाक्षरांचीच! त्यांनी स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला, वर्ग चालू करा. साहेब हसले. "मावशी, अर्ज तुम्हीच लिहिलात ना? मग वर्ग कशाला पायजे?" अर्ज परत आला, त्यावर लाल शाईत शेरा: 'गरज नाही'. खाली सही आणि साहेबांच्या नावाचा शिक्का. दोन वर्षं काकू दर महिन्याला नवा अर्ज द्यायच्या आणि तोच शेरा घेऊन यायच्या. "जपून ठेव, बाय. एक दिस कामाला येतील." मी एकूण एक ठेवले.

शोकसभेसाठी मात्र साहेबांनी वर्गाची तीच खोली उघडली. बाई जिवंत असताना जी किल्ली सापडत नव्हती, ती हार घालायला बरोबर सापडली. साहेब काकूंच्या ज्ञानाच्या ओढीवर बोलले, मी मान डोलावत ऐकलं. ते गेले तरी आम्ही बायका उठलो नाही. मी पिशवीतून नवं कुलूप काढलं.

"मॅडम, साहेबांना टेन्शन येईल," शिपाई म्हणाला.

"येऊ दे की. आम्हाला दोन वर्षं आलंच ना?"

आता रोज दुपारी चारला वर्ग भरतो. काकूंची पाटी त्यांच्या जागेवर, भिंतीला टेकून असते. फळ्याशेजारी त्यांचे सगळे अर्ज मी ओळीने चिकटवलेत. नवी बाई आली की तिचा पहिला धडा तिथेच. आधी 'गरज', मग 'नाही', मग शिक्क्यातलं नाव. काल नव्याने आलेल्या सुनंदाने ते अडखळत, पण पुरतं वाचलं. मी कार्यालयाकडची खिडकी उघडली आणि म्हटलं, "आता मोठ्याने वाच."