डॉक्टरबाईंनी सोडलेला नमस्कार

नांदेडहून फोन आला तेव्हा मी शाळेत मुलींच्या वेण्या घालत होते. "डॉक्टरबाई गेल्या," एवढंच पलीकडून ऐकू आलं. हातातली वेणी पुरी केली. दुसरं काय करणार...

डॉक्टर विमलबाईंनी अहमदपूरजवळ मतिमंद मुलांची निवासी शाळा काढली, तेव्हा त्यांचा नांदेडचा दवाखाना जोरात चालला होता. तो बंद केला म्हणून नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढलं. बाईंचं म्हणणं साधं होतं: मेंदू आजारी पडतो, आत्मा पडत नाही. म्हणून रोज सकाळी त्या प्रत्येक मुलाच्या पाया पडायच्या. लाळ गाळणाऱ्याच्या, चावणाऱ्याच्यासुद्धा. मला हे आधी थोतांड वाटायचं. मग कुणालाही अंगाला हात लावू न देणारी गंगा त्यांना पाहून आपणहून पाय पुढे करायला लागली, तेव्हा माझी टिंगल बंद झाली.

गंगा नऊ वर्षांची, बिलोलीकडची. तिला फिट यायच्या, पण गोळ्यांनी त्या ताब्यात होत्या. दिवाळीच्या सुटीला तिला न्यायला आलेल्या वडिलांनी तो नमस्कार पाहिला आणि मला विचारलं, "बाई, एवढ्या मोठ्या डाक्टरीनबाई माझ्या लेकीच्या पाया कामून पडून राहिल्या?"

मी घाईत होते. म्हटलं, "त्यांना तिच्यात देव दिसतो."

सुटी संपली, गंगा आली नाही. बाई आणि मी तिच्या गावी गेलो तर तिच्या फोटोला हार घातलेला. वडील बाईंसमोर रडत म्हणाले, "देवीला गोळ्या कशाला, म्हून बंद केल्या. तुम्हीच तिच्या पाया पडत व्हता न्हाई का!" गावातल्या बायका तिची ओटी भरून गेल्या होत्या. शेवटची फिट थांबेना, तेव्हा अंगात आलं म्हणून सगळे तिच्यासमोर हात जोडून बसले होते.

परतताना एसटीत बाई एवढंच म्हणाल्या, "माझ्या नमस्कारानं पोर गेली, सुलभा." मी खिडकीबाहेर पाहत राहिले. बापाला देव दाखवला होता मी, हे सांगायला तोंड उघडलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरच्या सात वर्षांतही नाही. त्यांनी नमस्कार सोडला. मुलं रांगेत पाय पुढे करून उभी राहायची आणि त्या मान खाली घालून गोळ्या वाटत जायच्या. ते रोज पाहूनही मी गप्प बसले. भित्री आहे मी.

शेवटी बाई नांदेडला दवाखान्यात होत्या, तेव्हा सांगायचं ठरवूनच गेले होते. त्यांनी विचारलं, "पोरांनी गोळ्या घेतल्या?" मी हो म्हटलं. त्यांनी डोळे मिटले... आणि मी उठून आले.

सुटीला मुलं न्यायला आलेल्या पालकांना आता मी बाईंच्या खोलीत बसवते. त्यांच्या खुर्चीवर बसत नाही, बाकड्यावर बसते. परवा उमरीच्या एका आईनं विचारलं, "बाई, खरं सांगा, आमच्या पोरात देव हाय का?"

"हाय," मी म्हटलं. "अन् फिटबी हाय. दोन्ही सांभाळा."

एवढंच म्हणायला हवं होतं गंगाच्या बापाला त्या दिवशी. पाच-सहा शब्द. मग मी तिला गंगाचं सगळं सांगितलं, माझ्या त्या वाक्यासकट... आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहतच सांगितलं.