सत्काराची दुसरी खुर्ची

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी 'कुमारी' आहे आणि याचं हसू मला सोडून सगळ्यांना येतं. जंगलाकडच्या एका शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं. माझ्यासोबत लागलेले गुरुजी पहिल्या दिवशी 'श्री' होते, लग्न झाल्यावर 'श्री'च, बायको वारली तरी 'श्री'च. माझ्या नावाआधीचं 'कु.' बघून मात्र प्रत्येक नव्या साहेबाच्या भुवया वर जायच्या. निवृत्तीच्या फ्लेक्सवर ते बरं दिसणार नाही म्हणून मुख्याध्यापकांनी मला न विचारता बल्लारपूरहून 'श्रीमती' छापून आणलं. मग सत्काराच्या सकाळीच दोन पालक हळू आवाजात विचारून गेले, मिस्टर कधी वारले. नुसतं नाव छापलं असतं तर कुणाच्या पोटात दुखलं असतं?

त्याआधी आठवडाभर खुर्चीचा घोळ चालला होता. आमच्याकडे असा सत्कार जोडीनं होतो. शाल-श्रीफळ गुरुजींना, शेजारी बसलेल्या बायकोला साडी, आणि तिची ओटी. माझ्या शेजारी कोण? मुख्याध्यापक म्हणाले, धाकट्या भावाला बसवू. मी म्हटलं, आई बसेल. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सोबतच्या एका मॅडमनी समजुतीनं सांगितलं की ओटी भरायची असते, आणि तुमची आई तर विधवा. ओटी नको, आई हवी, असं मी ठणकावलं. आणि जिंकले.

बाप गेला तेव्हा मी चौथीत होते. दुसऱ्यांच्या बांधीत धानाची रोवणी करून आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडून आईनं मला डी.एड. केलं. त्या खुर्चीवर तिच्याइतका हक्क कुणाचाच नव्हता, माझासुद्धा नाही.

आदल्या दिवशी ती हो म्हणाली होती. नवं लुगडं नेसून आली, पहिल्या रांगेत बसली. माझं नाव पुकारलं तसा मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला.

"तुया चांगल्या कामात मले नोको ओढू माय. लोक काय म्हनतीन?"

"अवं, तुयाच्यानंच तं झालं हे चांगलं काम."

"म्हनूनच," ती म्हणाली. उठली आणि मागं, जेवणाच्या पातेल्यांपाशी जाऊन उभी राहिली.

मला तिचा भयंकर राग आला. साहेबांना, मुख्याध्यापकांना, सगळ्यांना द्यायला उत्तरं होती माझ्याकडे. बत्तीस वर्षं घोटून ठेवलेली. तिला काय सांगणार होते? माईकवर पुन्हा माझं नाव पुकारलं, 'श्रीमती'सकट, आणि मी मुकाट्यानं जाऊन बसले.

त्या दिवसाचा फोटो घरी भिंतीवर लावलाय, आईनंच आग्रह करून. त्यात मी आहे, मुख्याध्यापक आहेत. शेजारच्या खुर्चीवर कुणीतरी हारांची पिशवी ठेवली होती, तीही नीट आली आहे.