जमिनीची सुट्टी

आमच्या पाळकसाहेबांइतका स्वच्छ मनाचा आणि मळक्या नखांचा माणूस अख्ख्या मराठवाड्यात झाला नसेल. छावणीतल्या आमच्या लहानशा चर्चमध्ये ते पाळक म्हणून आले, तेव्हा त्यांचा पांढराशुभ्र झगा, पिकलेली दाढी आणि घनगंभीर आवाज यांवर मंडळी खूश झाली. मग पहिल्याच प्रभुभोजनाला त्यांनी भाकर मोडायला हात पुढं केले आणि पुढच्या बाकावरच्या आजीबाईंच्या नजरा त्या हातांवर खिळल्या. एकूण एक नखात माती. साहेब हात धूत नसत असं नाही. उपासनेआधी साबण लावून, खसाखसा घासून धूत. पण त्या मातीनं तिथं कायमचा मुक्काम ठोकला होता. चर्चचा सेक्रेटरी म्हणून मी भीत भीत विषय काढला, तर म्हणाले, "देवानं पहिल्या माणसाला नोकरी दिली ती माळ्याची. पाळकाची जागा लई नंतर निघाली."

करमाडच्या पुढं त्यांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या बाईंना, माहेरकडून मिळालेली थोडी मुरमाड जमीन होती. सोमवार हा पाळकांचा सुट्टीचा वार. तो साहेब तिथं घालवत आणि उरलेला आठवडा तिथं न्यायचं सामान गोळा करण्यात. ते आजाऱ्याला भेटायला येत, डोक्यावर हात ठेवून इतकी मनापासून प्रार्थना करत की आजाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं, आणि 'आमेन' म्हणून डोळे उघडले की घरच्या बाईला विचारत, "भाजीची देठं, साली काय असतील तर द्या." लग्न लावून झालं की वधूवरांच्या गळ्यातले हार कधी उतरतात याकडं त्यांचं लक्ष. एका नवरीचा गुच्छ फोटो काढायच्या आधीच त्यांच्या पोत्यात गेला होता. रसवंतीवाल्यांकडून उसाची चिपाडं, सुताराकडून भुसा, असं सगळं स्कूटरवर लादून ते जालना रोडनं निघाले की मागच्या गाड्या आपोआप अंतर राखत. त्या सगळ्याचं खत होई. औषधाचा फवारा आणि रासायनिक खताचं पोतं त्यांनी बांधाच्या आत कधी येऊ दिलं नाही. रविवारच्या प्रार्थनेत आजाऱ्यांसाठी, विधवांसाठी, राज्यकर्त्यांसाठी मागणं झालं की ते गांडुळांसाठीही मागत. राज्यकर्त्यांपेक्षा गांडुळांना जास्त वेळ मिळतो, अशी कमिटीची तक्रार होती.

हंगामाच्या सणाला तर त्यांनी कहरच केला. त्या दिवशी आमच्याकडं मंडळी शेतातलं पहिलं पीक वेदीपुढं आणून ठेवतात. कुणी कणसं, कुणी भोपळा, शहरातले लोक बाजारातून आणलेली सफरचंदं. साहेबांनी या सगळ्याच्या मधोमध, पांढऱ्या कापडावर, मातीनं भरलेली टोपली ठेवली. "लेकरं सगळ्यांनी आणली," ते म्हणाले, "आईला मात्र घरीच ठेवून आलात." वाक्य इतकं सुंदर होतं की नाक मुरडणाऱ्यांनीही माना डोलावल्या. नेमकी त्याच वेळी टोपलीतून चांगली वीतभर गोम बाहेर आली आणि शांतपणे पेटीवाल्या मावशींच्या दिशेनं निघाली. गीत सुरू झालं आणि त्याचा शेवटचा सूर व मावशींची किंकाळी एकाच पट्टीत लागली. साहेबांनी गोम वर्गणीच्या पिशवीत अलगद घेतली, बाहेर लिंबाखाली सोडली आणि येऊन म्हणाले, "तीही उपासनेलाच आली होती. आता आशीर्वाद घेऊ."

निवृत्त झाल्यावर ते दोघं त्या जमिनीवरच दोन खोल्या बांधून राहिले. मी सुट्टीच्या दिवशी जाऊ लागलो. शेजारचा मळा एका मुसलमान चाचांचा. ते आणि साहेब एकमेकांना सकाळी लांबूनच "सलाम" ठोकत आणि दिवसभर वाद घालत. पीक काढताना साहेब शेताच्या कडेची ज्वारी उभीच ठेवत. गोरगरिबांसाठी कडा सोडायच्या, असं शास्त्रात सांगितलंय म्हणून. एका सकाळी चाचा कमरेवर हात ठेवून बांधावर उभे राहिले. "पाळकसाब, किनारे कायकू छोड दिए?"

"गरिबांसाठी."

"गरीब नै आए. रानडुक्कर आए. पूरा खाके गए."

साहेबांनी आडव्या झालेल्या ज्वारीकडं पाहिलं आणि म्हणाले, "त्यांची तरी कुठं शेती आहे?"

बाई हे सगळं हसून सोडून देत. पण सातवं वर्ष आलं तेव्हा मात्र त्यांना हसू आलं नाही. सहा वर्षं जमिनीनं पीक दिलं, सातव्या वर्षी शास्त्राप्रमाणे तिला विसावा द्यायचा, नांगर लावायचा नाही, पेरायचं नाही, असं साहेबांनी जेवता जेवता जाहीर केलं. मी समोर होतो. बाईंच्या हातातली भाकरी परातीतच राहिली.

"आन् खायचं काय? तुमची पेन्शन मिठालाबी पुरत नाय. या जमिनीवर घर चालतंय, तर तिलाबी सुट्टीवर धाडा!"

"देव पुरवील की."

"देव पुरवील, पण भाकरी मलाच थापायची हाय. माझ्या बापानं दगड येचून ही जमीन केली. मला इचारलं तुम्ही?"

त्यानंतर बाईंनी बोलणं टाकलं. मी गेलो की मला सांगत, "यांना म्हणावं, च्या झालाय." आणि साहेब हातभर अंतरावरून मला सांगत, "त्यांना म्हणावं, येतो." माझी अवस्था पोस्टमनसारखी झाली. साहेब खाली बघत बसून राहत. आयुष्यभर लोकांची भांडणं मिटवलेला माणूस, पण त्यांना स्वतःच्या घरात तोंड कसं उघडावं कळत नव्हतं. शेवटी एका दुपारी ते चुलीपाशी जाऊन खाली बसले. "मंडळीला विचारल्याशिवाय मी कधी चर्चच्या खिडकीचा रंग बदलला नाही," ते म्हणाले, "आन् तुझ्या जमिनीचं तुलाच विचारलं नाही. चुकलंच माझं. तू सांगशील तसं करू."

बाईंनी बराच वेळ जाळ सारखा केला. मग म्हणाल्या, "अर्धी पेरायची. अर्धी राहू द्या तुमच्या देवाची."

"आपल्या देवाची," साहेब म्हणाले.

"व्हय. पण पेरायच्या अर्ध्यात मालकीण मी."

त्या वर्षी साहेब बाईंच्या हाताखाली मजूर म्हणून राबले आणि तितके खूश मी त्यांना कधी पाहिलं नाही. "मालकीणबाई, जेवायची सुट्टी झाली का?" असं तूर निंदता निंदता ओरडून विचारत. पडीक अर्ध्यात मात्र पावसाळाभर कमरेइतकं रान माजलं. चाचा तिकडं बघून मान हलवत. आणि मग एका सकाळी जवळच्या बौद्धवस्तीतल्या बाया ओटीत विळे घेऊन बांधावर आल्या. तरोटा, घोळ, कुर्डू, तांदुळजा, फवारणीमुळं आसपास कुठं राहिल्या नव्हत्या अशा भाज्या तिथं मातल्या होत्या. "साहेब, खुडू का?" एकीनं विचारलं. साहेबांनी बाईंकडं पाहिलं. बाईच पुढं होऊन म्हणाल्या, "खुडा की. इचारायचं काय त्यात?" संध्याकाळी बाईंनी स्वतः तरोट्याची भाजी केली, लसणाची फोडणी घालून. मला वाढताना साहेबांच्या ताटातही न विचारता दुसऱ्यांदा वाढली.

हिवाळ्यात, जेवून आडवे झालेले साहेब उठलेच नाहीत. शहरातली मंडळी, चाचांचं घर, वस्तीतल्या त्या बाया, सगळे आले. थडग्यात मूठमूठ माती टाकताना पेटीवाल्या मावशीही हुंदके देत होत्या.

काही आठवड्यांनी मी बाईंना भेटायला गेलो, तर चाचा ट्रॅक्टर घेऊन पडीक तुकड्याच्या तोंडाशी उभे. इंजिन धडधडत होतं. बाई एकट्या पडल्या, आता सगळीच जमीन कसायला हवी, म्हणून बिचारे स्वतःहून आले होते. "भाभी, आज नांगर मारके देतूं. पैसे का नाम नक्को लेना."

बाई पदर खोचत बांधावर गेल्या. रान वाळून पिवळं पडलं होतं, आत कुठंतरी तितर ओरडत होते. "चाचा, आज नको," त्या म्हणाल्या. "वर्ष पुरं होऊ द्या."

"साब तो गए, भाभी."

"साहेब गेले. वर्ष हाय अजून."

चाचांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

उन्हाळा सरत आला तेव्हा बाईंनी मला फोन करून बोलावून घेतलं. ट्रॅक्टर पुन्हा तिथंच उभा होता, चाचा टोपी सारखी करत शेजारी. "साहेब असते तर नांगर लावायच्या आधी चार शब्द बोलले असते," बाई म्हणाल्या. "तुम्ही करा प्रार्थना." मी आयुष्यात चारचौघांत प्रार्थना केलेली नव्हती. सेक्रेटरीचं काम इतिवृत्त लिहायचं. मी चपला काढल्या, डोळे मिटले. पायांखाली ती पालापाचोळ्यानं मऊ झालेली जमीन तापलेली होती. "देवा," मी म्हणालो, "हिची विश्रांती झाली. आता..." आणि पुढचं मला काही सुचलं नाही. मग चाचा हळूच म्हणाले, "आमीन," आणि बाईही म्हणाल्या, "आमेन."