गुरुजींच्या दोन खोल्या

पुण्याच्या कॉलेजात मी बारा वर्षं मध्ययुगीन युरोप शिकवला. अकराव्या शतकातल्या पोपनी चर्च सुधारायला घेतलं आणि धर्मगुरूंना बायका सोडायला लावलं. त्यामागचं एक कारण अगदी व्यवहारी होतं: बायको आली की मुलं होतात आणि चर्चच्या जमिनीला वारस उभे राहतात. एकदा एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग त्या बायका कुठे गेल्या?" मी म्हटलं, "ते परीक्षेला येत नाही."

२०१२ साली नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमागे ऑकलंडला आले. इथे माझ्या इतिहासाला काळं कुत्रं विचारत नव्हतं. राहता राहिली देवळाची कमिटी. तिथे मी सेक्रेटरी झाले आणि पुन्हा एकदा मॅडम झाले.

आमच्या गुरुजींची बायको आणि लहान मुलगी साताऱ्याकडे होत्या. त्यांना इथे आणायला, व्हिसासाठी, कमिटीचं एक पत्र हवं होतं. देवळामागच्या दोन खोल्यांत तिघं राहतील, एवढंच. मीटिंगला आम्ही पाचजण. दोघं हो म्हणाले, अध्यक्ष धरून दोघं नाही. उरले मी.

"फॅमिली आली की रूम्स त्यांच्याच होऊन बसतात," अध्यक्ष म्हणाले. "मॅडम, तुमची हिस्टरी काय म्हणते?"

सहा वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी पोपपासून सुरुवात केली आणि चांगली पंधरा मिनिटं बोलले. जमीन, वारस, शिस्त. सगळे ऐकत होते, आणि मला फार बरं वाटत होतं.

"म्हणजे पोपलासुद्धा हेच करावं लागलं. स्वीट ॲज," अध्यक्ष इथल्या लोकांसारखं 'मस्तच' म्हणत खूश झाले. एवढं व्याख्यान झोडल्यावर मी गुरुजींच्या बाजूने हात कुठल्या तोंडाने वर करणार? नकाराचं पत्रही मीच लिहिलं, शुद्ध मराठीत. माझी मला आजही शिसारी येते.

पुढच्या महिन्यात न्यू लिनच्या आमच्या नव्या घरी सत्यनारायण होता. गुरुजी वेळेवर आले, नेहमीसारखेच बोलले. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. नवऱ्याच्या हातावर त्यांनी पळीभर पाणी घातलं आणि थांबले. मी शिरा ढवळायचं निमित्त करून ओट्यापाशीच उभी होते.

"ताई, इकडे येऊन बसा," ते म्हणाले. "यजमानांच्या हाताला हात लावा. बायको शेजारी नसली तर संकल्प पुरा होत नाही."

मी जाऊन बसले, हात लावला. वर्गातल्या त्या मुलीचा प्रश्न मला तेव्हा आठवला असं लिहिलं तर ते खोटं होईल. तो मीटिंगमध्येच आठवला होता, बोलता बोलता, आणि मी तो गाळला होता.