मला न झालेली कावीळ

गेल्या उन्हाळ्यात दवाखान्यात डॉक्टर माझी माहिती लिहून घेत होते. "पूर्वी काही मोठा आजार?" मी नाही म्हणायच्या आत बायकोच बोलली, "कावीळ झाली होती यांना. सुरतला असताना. वाचले म्हणायचे."

डॉक्टर लिहायला लागले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ते खोडा. मला कावीळ कधीच झाली नव्हती."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही सुरतेत नवागाम भागात एका खोलीत राहायचो, मी कापडाच्या कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला. उन्हाळ्यात आमची खानदेशी वस्ती अर्धी रिकामी व्हायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बायका पोरं घेऊन सणाच्या आधीच माहेरी जायच्या ते महिनाभर. मागे आम्ही पुरुष. वाऱ्याने मागावरची सुताची तार तुटते म्हणून कारखान्याच्या खिडक्या बंद. त्या भट्टीत, त्या खडखडाटात बारा तास काढून खोलीवर यावं, तर बोलायला कोणी नाही. त्या वर्षी मला घास जाईना, झोप येईना, उगाच रडू यायचं. एकदा तर भिंतीवरच्या पालीला मी दिवसभराची हकीकत सांगितली. तिने मध्ये न बोलता ऐकून घेतली, हे मात्र घरात नवीन होतं.

पण 'करमत नाही' असं बाप्या माणसाने लिहायचं कसं? माझं पत्र सासरे ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचे. सगळी गल्ली हसली असती. सुरतेत उन्हाळ्यात कावीळ घरोघरी असायची, म्हणून कार्डावर लिहिलं, "मला कावीळ झाली आहे. काळजी नसावी."

आखाजीला चार दिवस असताना ती पोरांसह दारात उभी. पिशवी खाली न ठेवताच तिने माझ्या पापण्या ओढून पाहिल्या.

"डोया ते पांढराच दिसतस!"

"उतरतेय आता," मी कण्हत म्हणालो.

तिच्या आईने काविळीची माळ दिली होती. डोक्यावर ठेवायची, कावीळ उतरेल तशी ती लांबत खाली येते म्हणतात. माझी तिसऱ्याच दिवशी गळ्यात आली. "बघा, गुण आला!" ती म्हणाली. तरी तेल बंद, तिखट बंद. महिनाभर ताकभात! शेजारी कोणी शेवभाजीचा रस्सा केला की मला वासही लागू नये म्हणून ती खिडकी लावून घ्यायची. झोप मात्र ती आली त्या दिवसापासूनच लागली. औषध बरोबर मिळालं होतं, पथ्य तेवढं भलत्या रोगाचं होतं.

त्याच वर्षी दिवाळीआधी तिची आई गेली. मायलेकींची शेवटची आखाजी मी एका कार्डाने बुडवली. तेव्हा सांगायची हिंमत झाली नाही, आणि वर्षं गेली तसं सांगणं आणखी अवघड होत गेलं.

दवाखान्यात मी हे सगळं सांगून टाकलं तेव्हा डॉक्टर हसले. बायको हसली नाही. घरी आल्यावर ती सरळ आत गेली. मग पाण्याचा तांब्या माझ्यासमोर आदळून म्हणाली, "करमत नाही असं लिहायला काय झालं होतं?"

"आली असतीस?"

"आले असते की. आखाजी करून आले असते. आईला पुरणाचा घास भरवून. चार दिवस निघाले नसते तुमचे?"

मी मान खाली घातली. खरं तर निघाले असते. ती येणार आहे एवढं कळलं असतं, तरी निघाले असते.

यंदा ती आखाजीला भावाकडे गेली, मला न विचारता. जाताना बजावून गेली, "करमलं नाही तर तेवढंच सांगायचं. नवीन रोग काढायचा नाही."

तिसऱ्या दिवशी दुपारी मी फोन केला. मागे बायकांचा गलका चालला होता. म्हटलं, "करमत नाही."

"बरं," ती म्हणाली, "सोमवारी येते."

मग मी चपला घातल्या आणि शेजारच्या ओट्यावर गप्पा मारायला गेलो. तिथे बसलेल्यांनी विचारलं, "काय, एकटेच?" मी म्हणालो, "हो, आणि अजिबात करमत नाही." कोणी हसलं नाही. सरकून जागा दिली.