पिवळं की हिरवं

रंगारी तीस वर्षं कापडाच्या कारखान्यात छटा जुळवत आला होता. गिऱ्हाइकानं चिंधी पुढे टाकावी आणि ह्यानं नुसतं बघून सांगावं, कुठला रंग किती लागेल. नजरेच्या बाबतीत तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

मुलगी लग्न होऊन गेली आणि जाताना सहा सोनमासे बापाच्या गळ्यात घालून गेली. रविवारी त्यानं हौसेनं टाकीतल्या गाळणीचा स्पंज नळाखाली घासघासून धुतला. मंगळवारी मासे वर तोंड काढून धापा टाकू लागले. 

मुलीनं ठेवलेली पाणी तपासायची कागदी पट्टी त्यानं टाकीत बुडवली, तर सगळं ठीक. बुधवारी एक मासा उलटा तरंगला.

त्यानं दुकानात जाऊन सगळं सांगितलं. मासे विकणारी बाई म्हणाली, "काका, पट्टीचं काम झटपट, पण ह्या पट्टीवर अमोनिया कळत नाही. माशांच्या घाणीतून तो होतो, आणि तो संपवणारे जंतू स्पंजात असतात. तुम्ही स्पंज धुतलात, तिथेच गडबड झाली असणार. यंत्र आहे, पण ते सारखं जुळवत बसावं लागतं. त्यापेक्षा थेंबांची बाटली न्या, पाण्याचा रंग बघून कळतं."

घरी त्यानं काचेच्या नळीत पाणी घेतलं, थेंब मोजून टाकले. पाच मिनिटं थांबायचं होतं. तेवढ्यात त्यानं खोलीत वीस फेऱ्या मारल्या. पाणी पिवळं. पिवळं म्हणजे उत्तम, हिरवं म्हणजे अमोनिया. पण सकाळी दुसरा मासा गेला.

"बाटलीच बोगस दिसतेय," म्हणत त्यानं पुन्हा थेंब टाकले. बायको हात पुसत आली.

"अहो, हे तर हिरवं झालंय."

"काहीतरीच. पिवळं आहे."

"कसलं पिवळं? पोपटी म्हणा हवं तर."

तो तडक नळी घेऊन दुकानात गेला. बाईनं ती रंगांच्या कार्डाशेजारी धरली. "हिरवं आहे काका. पाणी बदला, आजच."

त्यानं कार्डावरचे पहिले दोन चौकोन निरखले. त्याला दोन्ही एकच दिसत होते.

घरी येऊन त्यानं निम्मं पाणी बदललं. बदलताना त्याला कारखाना आठवला. मागच्या महिन्यात कापडाचा एक गठ्ठा परत आला होता. छटा चुकली, असं कामावरचा जोडीदार सांगत होता, आणि ह्यानं चारचौघांत त्याला झापलं होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मोतीबिंदू सांगितला. डोळ्यातलं भिंग पिवळट पडलंय, हळूहळू झालं म्हणून कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं कारखान्यात मालकाच्या कानावर सगळं घातलं आणि जोडीदारासमोर उभा राहिला.

"त्या गठ्ठ्याचं तुझंच बरोबर होतं."

"ठाऊक होतं मला," जोडीदार म्हणाला. "पण तुम्ही ऐकलं असतंत का?"

ऑपरेशनला तीन आठवडे होते. तोवर छटा जोडीदार बघणार, असं ठरलं.

चार मासे तगले. रोज सकाळी तो थेंब मोजतो, बायको रंग सांगते. ती "पिवळं" म्हणाली, तरी तो एकदा विचारतोच, "नक्की ना?"